पालखीच्या दांडीसाठी केलेला चार इंची रंधा

नवरात्र चार दिवसांवर आलेलं आणि आमच्या गल्लीतल्या देवळाच्या पालखीची दांडी माझ्या टेबलावर. सागवानी दांडी, मधे कमानीसारखी वाकलेली, बाकाच्या आतल्या अंगाला वाळवी लागलेली म्हणून तेवढं काढून मी नवीन सागाचा तुकडा सांधला होता, आता तो जुन्या लाकडाला मिळवायचा होता. इलेक्ट्रिक रंधा तिथं कामाचा नाही, त्याचं बूड सपाट, तो दोन टोकांवर टेकतो आणि मधलं पातं लाकडाला लागतच नाही. ग्राइंडरला डिस्क लावून झालं असतं पण खड्डे पडतात, आणि सगळी गल्ली जिला खांदा देते तिच्यावर खड्डे ठेवायला माझं मन होईना.

मग सकाळी सातला गोल बुडाचा छोटा रंधाच करायला घेतला. बाभळीचा तुकडा, चार इंच लांब, दोन इंच रुंद. अख्ख्या ठोकळ्यात पटाशीनं घर कोरायचं म्हटलं तर दिवस जातो, म्हणून दोन्ही अंगाच्या पाव इंची पट्ट्या करवतीनं उतरवल्या, मधला भाग पात्यासाठी 45 अंशात तिरका कापला, पुढचा तुकडा 60 च्या आसपास उलट्या बाजूला, पाचर जिच्याखाली अडकते त्या आडव्या खिट्टीची भोकं पाडली आणि सगळं फेविकॉल लावून शिकंजात परत जोडलं. ही पद्धत जेम्स क्रेनॉव्ह या सुतारानं जगभर पोचवली, करवत पटाशी कानस एवढ्यावर होते. पात्याला उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून पॉवर हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या मशीन-करवतीचं, जुनं ब्लेड आणलेलं. हायस्पीड स्टील, दात घासताना निळं पडलं तरी मऊ होत नाही, साध्या स्टीलचं पाणी लगेच उतरतं.

दुपारी शिकंजा सोडला, कानशीनं बूड पुढून-मागून गोल केलं, पाचर ठोकली आणि पहिला हात मारला. बाकात दोन्ही टोकांकडनं खाली मधल्याकडं यायचं असतं, तसंच आलो, पण तळाला जिथं दोन्हीकडचे लाकडाचे रेषे समोरासमोर येतात तिथं साग टरकन उचकटला. पोटात गोळाच आला माझ्या.

आप्पा मागं उभे होते. रंधा हातात घेऊन उलटा केला, "तोंड बघ की, केवढं उघडं हाय."

खरंच होतं. पातं तिरकं बसतं, त्यामुळं बूड जेवढं घासाल तेवढी पात्याच्या पुढची फट वाढते, माझी तीन मिलिमीटर झालेली. फट बारीक असली तर पुढचं लाकूड रेषा दाबून धरतं आणि पातं तो कापतं, मोठी असली की रेषा कापायच्या आधीच उचलून फाटतो. एवढं माहीत असून गडबडीत मोजलं नव्हतं.

तोंडापुढं खाच करून बाभळीचीच पट्टी चिकटवली, वाळेपर्यंत पात्याला ऑइलस्टोनवर परत धार लावली. मग कानशीनं पोस्टकार्ड जेमतेम जाईल एवढीच फट ठेवली. नशीब दांडीत सांधलेला तुकडा दोन मिलिमीटर उंच ठेवला होता, उचकटलेलं त्यात निघून गेलं.

रात्री साडेनऊला अखंड साल निघायला लागली, पातळ, तळातसुद्धा न तुटता. आप्पांनी डोळे मिटून सांध्यावरून अंगठा फिरवला.

"डावीकडं केसभर उंच हाय अजून."

आणखी दोन हात मारले.