वाचलेल्या रोहूंचं काय करायचं

तलावात विष कोणी टाकलं, हे मी पोचायच्या आधीच गावाने ठरवून टाकलं होतं. गेल्या वर्षी ठेक्यावरून ज्यांचं बिनसलं, त्यांचंच नाव. पारोळा तालुक्यातला पाझर तलाव, जूनचा पहिला आठवडा. आदल्या दिवशी दुपारपासून मळभ, रात्री वावटळ आणि पावसाचे चार थेंब. सकाळी काठाला मेलेल्या कटला माशांची पांढरी पोटं. मच्छीमार संस्थेचे नाना मला बघताच म्हणाले, "मॅडम, कोनी तरी ईख टाकी दिन्हं."

मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं सामान आसपास आमच्याच प्रयोगशाळेत असल्याने मासे मेले की फोन मला येतो. एरवी लोक कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी भरून आणतात, तेही दुसऱ्या दिवशी. तोवर त्यातला ऑक्सिजन पार बदललेला असतो. ते पाणी कुंडीत ओतण्याच्या लायकीचं. हे मी शेतकरी मेळाव्यात घसा फोडून सांगितलं आहे. काचेचं बूच असलेली ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा राहू न देता भरायची आणि काठावरच त्यात मँगनस सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड सोडायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. नानांच्या बाटलीत तो जवळजवळ पांढराच बसला. पुढचं टायट्रेशन, म्हणजे थेंब मोजून ऑक्सिजनचा नेमका आकडा काढणं, मी केलं ते कागदावर आकडा लिहायला लागतो म्हणून.

तलाठी भाऊसाहेबांनी पंचनाम्यात 'विषबाधा' लिहून पेनाला टोपण लावलं होतं. मी त्यांना ग्लासभर पाणी उन्हाकडे धरून दाखवलं: पाणपिसवा टुणटुणत होत्या. कीटकनाशक असतं तर आधी त्या गेल्या असत्या. मेले होते ते आधी मोठे कटले, मग रोहू. मरळ आणि मांगूर मात्र निवांत. ते वर येऊन हवाच घेतात. आणि सगळं घडलं पहाटे. उन्हाळ्याने आटलेल्या हिरव्यागार पाण्यात शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच खातं. त्यात मळभामुळे आदल्या दिवशी जमाच झाली नाही आणि वाऱ्याने तळाचा गाळ ढवळला. मुळात तीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. भाऊसाहेबांनी 'विषबाधा' खोडलं नाही, त्यापुढे 'किंवा अन्य कारण' जोडलं.

एवढ्यावर मी घरी आले असते. पण सांडव्याच्या कडेला काही रोहू जिवंत होते. तोंडं वर करून पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा ओढत होते, कारण हवेला टेकलेल्या त्या थरात ऑक्सिजन थोडा जास्त असतो. बीज एकाच हॅचरीचं, एकाच दिवशी सोडलेलं. मग हेच कसे वाचले?

त्यातला एक आडवा पडून शेवटचे कल्ले हलवत होता. तो नानांना विचारून तिथेच उघडला. माशाचं हृदय कल्ल्यांच्या मागे, खाली, अगदी गळ्याशी असतं. एक कर्णिका, एक निलय. निलय दिसला, आकसला, आणि मग इतका वेळ थांबला की संपलं असं वाटावं. पुन्हा आकसला. वर्गातली मुलं याला 'हृदय दमलं' म्हणतात. खरं तर ऑक्सिजन कमी झाला की बरेच मासे ठोके मुद्दाम हळू करतात. ठोक्यांमधली फट लांबली की हृदयाच्या भिंतीला रक्तातून ऑक्सिजन शोषायला वेळ मिळतो. कारण माशाच्या हृदयाची अवस्था घरात सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खाणाऱ्या बाईसारखी आहे: सगळं शरीर फिरून आलेलं अशुद्ध रक्तच त्याच्यातून जातं, आणि रोहूसारख्या कित्येक माशांत हृदयाची स्पंजासारखी भिंत त्याच रक्तावर जगते. मरळीत हवेतून ऑक्सिजन घेतलेलं रक्त परत हृदयाकडे येतं, म्हणून तिचं निभावतं. रोहूला ती सोय नाही.

मी उघडा मासा हातात धरून हे सगळं सांगत होते. नानांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जे वाचनात, त्यास्नं बी वाची का?" म्हणजे, जे वाचले त्यांची पिल्लंही वाचतील का?

वर्षानुवर्षं जनुकशास्त्र शिकवतेय. इतका नेमका प्रश्न वर्गातून एकदाही आलेला नाही.

उत्तर दोन तऱ्हेचं असू शकतं. पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन सतत बनत असतं आणि ऑक्सिजन आहे तोवर काही मिनिटांत मोडून टाकलं जातं. ऑक्सिजन घटला की मोडणं थांबतं, ते केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकं चालू करतं: ऑक्सिजनविना साखर वापरणारी, तांबड्या पेशी वाढवणारी. या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना २०१९चं नोबेल मिळालं. तलावात मे महिनाभर पहाटे पहाटे ऑक्सिजन थोडा थोडा कमी होत असेल, तर या रोहूंच्या हृदयाला आधीच सवय झालेली असेल. पण चालू झालेलं जनुक म्हणजे बदललेलं जनुक नव्हे. ही सवय त्या माशाबरोबरच जाते, पिल्लांना ती मिळेल असं धरून चालता येत नाही.

दुसरी तऱ्हा पिढ्यान्‌पिढ्यांची. युरोपातला क्रूशियन कार्प हा रोहूच्याच कुळातला. त्याच्या पूर्वजांत सगळा जनुकसंच दुप्पट झाला आणि जादा प्रतींतल्या काहींनी वेगळंच काम धरलं: ऑक्सिजन नसताना साठणाऱ्या घातक आम्लाऐवजी अल्कोहोल बनवायचं आणि ते कल्ल्यांतून बाहेर सोडायचं. ही जनुकं २०१७ साली उलगडली. त्याचं हृदय थंड पाण्यात, ऑक्सिजन अजिबात नसताना, कित्येक दिवस जवळपास नेहमीच्या गतीने चालतं. जळगावातल्या हॉलमध्ये काचेच्या भांड्यात फिरणारा गोल्डफिश त्याचा सख्खा भाऊबंद. रोहूला हे वरदान नाही. पण रोहू-रोहूतही थोडं उन्नीस-बीस असेलच.

हृदयात कोणती जनुकं चालू होती हे बघायचं तर आरएनए, म्हणजे चालू जनुकाची पेशीत निघणारी नक्कल हवी, आणि ती ऊतीत झपाट्याने नासते. आमच्या कॉलेजात फॉर्मालिन मुबलक. त्यात हृदयाचा आकार टिकतो, आरएनएची मात्र वाट लागते. हवा होता द्रवरूप नायट्रोजन. तो तालुक्याला कुठे मिळतो हे शहरातल्या संशोधकाला सुचणार नाही: जनावरांच्या दवाखान्यात, कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या टाकीत ठेवतात तिथे. डॉक्टरसाहेब आधी रजिस्टर दाखवत राहिले, मग स्वतःच थर्मासमध्ये ओतून दिला. माझ्या खात्यातल्या एकाने मात्र 'मेलेल्या माशांसाठी एवढी यातायात' म्हणून हसून घेतलं. त्याच्या नावावर पेपर माझ्यापेक्षा जास्त आहेत.

आणि तिथेच अडलं. मरणाऱ्या माशांची हृदयं घेऊन उपयोग थोडा. वाचलेल्यांची हवीत, म्हणजे वाचलेले मारायला हवेत. नानांचा प्रश्न मात्र वाचलेले जगवूनच सुटतो. शेपटाच्या पराचा तुकडा कापून डीएनए मिळतो, मासा मरत नाही. पण त्या क्षणी हृदय काय करत होतं ते पराला माहीत नसतं. नानांनी मला बोटांवर मोजण्याइतके दिले, बाकीच्यांवर हात ठेवला. मी हट्ट केला नाही. त्यांचा प्रयोग माझ्यापेक्षा मोठा आहे.

निवडीने रोहू बदलतो याचा दाखला आहेच. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने नॉर्वेच्या मदतीने पिढ्या निवडत आणलेला 'जयंती' रोहू १९९७ साली बाहेर आला. पण ती निवड वाढीसाठी होती, आणि अशी निवड अनेक कुळं वेगवेगळी ठेवून करतात. इथे तलाव एक, संध्याकाळच्या बाजारात रोहूला भाव चांगला, आणि वाचलेले बहुतेक आकाराने लहान. हे लहानपण मला झोपू देत नाही. लहान माशाची एकूण गरज कमी, वरच्या पापुद्र्यावर त्याचं भागतं. म्हणजे हृदयाचा, जनुकांचा काही संबंधच नसेल, नुसती अंगकाठी वाचली असेल. शिवाय लहान म्हणजे यंदा अंड्यावर न येणारे. रोहू साचलेल्या पाण्यात अंडी घालतही नाही, त्याला संप्रेरकाचं इंजेक्शन लागतं. म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत सांभाळायचे, मध्ये आणखी एक मे महिना.

मत्स्यखात्याला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं: पंचनाम्याची प्रत जोडावी. म्हणजे 'विषबाधा किंवा अन्य कारण'.

हॅचरीवाले भाऊ इंजेक्शन द्यायला तयार आहेत, फुकटात. पण पिल्लं वेगळी वाढवायला टाकी नाही म्हणतात. "टाकी मी देस," असं नाना म्हणाले आहेत. माझी अट एकच: यांची पिल्लं आणि नेहमीच्या बीजाची पिल्लं एकाच वयाची, एकाच वजनाची निवडून एकाच पाण्यात घ्यायची, नाहीतर पुन्हा अंगकाठीच मोजली जाईल. भाऊंना ते पटत नाही. "मॅडम, पिल्लं लहान-मोठी होणारच, निवडत बसलो तर हंगाम जाईल." यावर आमचं अजून जमलेलं नाही.