डेड लॅपटॉप, तिसरी रात्र: शॉर्ट सापडला

लॅपटॉप आतेभावाचा. बटण दाबलं की काहीच नाही, ना लाइट ना पंखा. नागपुरातल्या बर्डीच्या एका दुकानदाराने दोन मिनिटांत ‘बोर्ड गेला’ सांगून परत केला, मग तो माझ्याकडे आला.

पहिली रात्र नेहमीच्या गोष्टींत गेली. बॅटरी काढून बटण तीस सेकंद दाबून धरलं, रॅमचे पाय खोडरबराने घासले, स्लॉट बदलला. दुसरी रात्र मी स्वतःच वाया घालवली. प्रोसेसरजवळच्या कॉइलवर मल्टिमीटर बीप करत होता, म्हणून तिथेच खोदत बसलो. तिथला रेझिस्टन्स मुळातच कमी असतो, तो शॉर्ट (वीज भलत्या वाटेने थेट ग्राउंडला, म्हणजे मायनसला, जाणं) नव्हे. माहीत असून फसलो.

खरी खूण पहिल्या दिवसापासून समोर होती. पिन लॅपटॉपमध्ये घातली की ॲडाप्टरचा हिरवा दिवा विझायचा. नुसता ॲडाप्टर मोजला तर बरोबर 19.5 व्होल्ट. म्हणजे ॲडाप्टर धडधाकट, बोर्डावरच्या शॉर्टपासून स्वतःला वाचवतोय. जॅकच्या (पिन घालायच्या खाचेच्या) प्लसपासून ग्राउंडपर्यंत मोजलं: 0.4 ओहम. पहिल्या मॉसफेटच्या (करंट सोडणारा-अडवणारा स्विच) पलीकडे सगळं ठीक. तेव्हा चोर जॅक आणि मॉसफेटच्या मधे, तिथल्या पाच सिरॅमिक कपॅसिटरपैकी (वीज साठवणारे बारीक भाग) एक. पण पाचही समांतर, त्यामुळे मीटरला पाचही चोरच दिसतात.

इथे अल्कोहोलची युक्ती. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरायचं, बेंच सप्लायवरून (व्होल्ट हवा तेवढा ठेवता येणारं यंत्र) त्या लाइनला फक्त 1 व्होल्ट द्यायचा. अडीच अँपिअर करंट गेला की शॉर्ट झालेला भाग तापतो आणि त्याच्यावरचं अल्कोहोल सगळ्यांत आधी सुकतं. व्हिडिओत फार सोपं वाटतं. नागपुरात, तेही नवतप्यात (उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस), रात्री अकरालाही खोलीची भट्टी असते. अल्कोहोल टाकलं की सप्लायचं बटण दाबेपर्यंत अख्खा बोर्ड कोरडा! कुलर सुरू ठेवला तर त्याच्या वाऱ्याने आणखी लवकर उडतं, बंद केला तर नाकावरून घाम थेट बोर्डावर. चार वेळा केलं, नाद सोडला, झोपलो.

पहाटे पाचला उठून, कुलर-पंखा बंद करून पुन्हा केलं. या वेळी जॅकला अगदी चिकटून असलेल्या कपॅसिटरभोवती तांदळाएवढा कोरडा ठिपका उमटला, बाकी बोर्ड ओलाच. हॉट एअरने (गरम हवेच्या गनने) तो कपॅसिटर उचलला आणि मीटर 0.4 ओहमवरून थेट किलोओहममध्ये गेला, म्हणजे शॉर्ट गेला.

या कपॅसिटरवर काहीच छापलेलं नसतं. 19 व्होल्टच्या लाइनला निदान 25 व्होल्टचा हवा, म्हणून भंगार बोर्डाच्या ॲडाप्टर लाइनवरूनच त्याच मापाचा काढून लावला. पिन घातली, दिवा विझला नाही. बटण दाबलं, पंखा घुर्र करून फिरला, स्क्रीनवर तारीख चुकल्याची तक्रार आली. बोर्डावरचा घड्याळाचा सेल मोजला: 2.1 व्होल्ट, म्हणजे संपलेला. नवा सीआर2032 टाकायचाय.

सकाळी आतेभावाचा मेसेज होता, “काहून बे, झाला का चालू?” मी उलट विचारलं, पिन लावून पलंगावर लोळत वापरतोस का? “हो, मग?” जॅक हलतो, बोर्ड वाकतो, शेजारचा कपॅसिटर तडकतो. जॅकचे दोन पाय सुटलेले दिसताहेत. आज रात्री त्यांना नवं सोल्डर, तोवर लॅपटॉप माझ्याकडेच.