सरबताचा चमचा

"एवढं नाजूक कुणी वापरत असेल का? शोकेसमध्येच ठेवत असणार."

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे असलेल्या इराणी चमच्याचा फोटो आज लेकीला दाखवला, तर ती पटकन हे म्हणाली. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

चमचा एकोणिसाव्या शतकातला, इस्फहान आणि शिराझच्या वाटेवरच्या आबादे गावचा. नासपतीच्या नाहीतर बॉक्सवुडच्या लाकडात कोरलेला. खोलगट भाग इतका पातळ तासायचे की उजेड आरपार दिसावा. आणि दांडी? तिच्यावर लेसच्या विणकामासारखी जाळी. जरा पटाशी घसरली की सगळी मेहनत वाया!

इराणमध्ये या कोरीवकामाला मुनब्बतकारी म्हणतात. आजूबाजूचं लाकूड खरवडून काढायचं, म्हणजे वेल, फुलं, पानं वर उठून येतात. रंग नाही, जडावकाम नाही. लाकूड एकच, त्यामुळे नक्षी दिसते ती नुसत्या सावलीमुळे. मला तर हेच फार आवडतं.

आणि हो, ते चमचे वापरातलेच होते. सरबताच्या वाडग्यात तरंगायचे, पाहुणे त्यानेच सरबत प्यायचे. म्हणजे एवढी कारागिरी होती ती घोटभर थंडाव्यासाठी, आलेल्या माणसासाठी.

लेकीला दोष नाही. सुंदर वस्तू काचेआड आणि रोजच्या वापराला स्टील, हे तिनं आमच्याच घरात पाहिलंय. आजीच्या काळातलं कोरीव लाकडी काही तुमच्याकडे अजून रोजच्या वापरात आहे का?