आमची वाटचाल : अण्णांचा क्लार्क आणि २३ ऑगस्टची रात्र

२३ ऑगस्ट २०१७, बुधवार. शुक्रवारी गणपती बसणार होते. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी अण्णांचा फोन आला. "पैसे कापलेत आणि शीट न्हाई. सतरा नंबरवर दोघं बसायला आलेत. आता मी कुणाला उतरवू?"

आम्ही कोल्हापुरात ट्रॅव्हल्सवाल्यांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर करतो. २००९ साली शाहूपुरीतल्या एका खोलीत सुरुवात झाली आणि अण्णा आमचे पहिले गिऱ्हाईक. सुरुवातीला सगळं पीएचपी ही भाषा आणि अपाची हा वेब सर्व्हर, यांच्यावर होतं. एक विनंती आली की एक प्रोसेस अडकायची. दुसऱ्या एजंटाच्या सर्व्हरकडून शिटांचं उत्तर यायला तीन-चार सेकंद लागायचे, तेवढा वेळ ती प्रोसेस पंचवीस एमबी अडवून नुसती बसून असायची. एक जीबीच्या सर्व्हरवर चाळीस माणसं आली की दार बंद. आमच्या धंद्यात हिशोब थोडा आणि वाट बघणंच जास्त. म्हणून २०१३ मध्ये नोडवर, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएसवर आलो.

इव्हेंट लूप, म्हणजे नोड एकट्यानं सगळ्यांची कामं आळीपाळीनं कशी उरकतो ते, मला पुस्तकातून नीट कळलं नाही. ते कळलं अण्णांच्या ऑफिसात. तिथं एकच क्लार्क, दोन फोन आणि टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. क्लार्क पुण्याच्या ऑफिसला विचारायचा, "तेवीस नंबर रिकामा हाय का बघून सांगा," आणि फोन ठेवून पुढच्या माणसाचं तिकीट लिहायला घ्यायचा. पुण्याचा फोन परत आला की हातातलं तिकीट पुरं करून मग तो उचलायचा. लूप तेवढंच करतो. कुठल्या सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर, उत्तर आलंय हे नोडच्या पोटातली लिबयूव्ही ही लायब्ररी लिनक्सला ईपोल या सोयीमार्फत विचारते आणि ज्याचं आलंय त्याचा कॉलबॅक, म्हणजे उत्तर आल्यावर करायचं काम, चालवते. एका वेळी एकच, आणि तो संपेपर्यंत दुसरा नाही.

त्या रात्री घात झाला तो याच शेवटच्या अटीनं.

जूनमध्ये आम्ही नोड ८ वर गेलो होतो. असिंक-अवेट आलं, म्हणजे वाट बघणारा कोड सरळ ओळीत लिहिता आला, कॉलबॅकांची जाळी सुटली, आम्ही खूश. रात्री नऊला सगळ्या गाड्यांचे चार्ट, म्हणजे ड्रायव्हरला द्यायच्या प्रवाशांच्या याद्या, पीडीएफमध्ये निघायचे. एरवी सात-आठ गाड्या, त्या रात्री ३८. एका चार्टला साधारण ३५० मिलिसेकंद. त्या फंक्शनच्या पुढं आम्ही असिंक लिहिलं होतं, एकामागून एक चार्ट काढणाऱ्या फॉर-लूपमध्ये अवेटही होता, म्हणून काम मागं चाललंय असं आम्ही समजत होतो. ते मागं नव्हतंच. आत बाहेरच्या कशाचीही वाट बघायची नव्हती, नुसती सीपीयूची मेहनत. असा अवेट फक्त मायक्रोटास्कच्या, म्हणजे लगेच उरकायच्या कामांच्या, रांगेत जातो, आणि ती रांग रिकामी होईपर्यंत इव्हेंट लूप सॉकेटकडं बघतसुद्धा नाही. सलग तेरा सेकंद सर्व्हर मुका. पेमेंट गेटवे दहा सेकंद थांबून निघून गेला, पैसे मात्र कापले गेले.

मी एचटॉप, म्हणजे सीपीयूवरचा भार दाखवणारा प्रोग्राम, उघडून बसलो होतो. सीपीयूच्या चार कोअरच्या चारपैकी एक पट्टी शंभरावर, बाकीच्या तीन रिकाम्या. मी डेटाबेसवर संशय घेत होतो, नेटवर्कवर घेत होतो. अण्णांना फोनवर एवढंच सांगितलं, की नऊ वाजले की अडकतंय. ते म्हणाले, "नऊला? मग तुझा क्लार्क चार्ट लिहीत बसलाय की रं!" त्यांच्या ऑफिसात हेच व्हायचं. क्लार्क चार्ट लिहायला बसला की दोन्ही फोन वाजत राहायचे आणि रांग दारापर्यंत जायची.

चार्ट त्याच रात्री वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकला, फोर्क करून, म्हणजे नोडचीच दुसरी प्रोसेस काढून. वर्कर थ्रेड, म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये कामाला लावायचे जादा हात, नोडमध्ये तेव्हा नव्हते.

पण एका शिटावर दोन माणसं का, हे कळायला दुसरा दिवस उजाडला. कोडमध्ये आधी शीट रिकामं आहे का विचारायचं, मग अवेट, मग नोंद करायची. थ्रेड एकच आहे, मग मध्ये कोण घुसणार, ही आमची समजूत. अवेटच्या जागी फंक्शन थांबतं आणि दुसऱ्याचं चालू होतं, ती फटच असते. एरवी ती फट काही मिलिसेकंदांची. तेरा सेकंदांची तुंबलेली गर्दी एकदम आत आली तेव्हा सगळ्यांनी आधी विचारून घेतलं आणि मग सगळ्यांनी नोंद केली. ४१ शिटं दोनदा विकली गेली. गाडी, तारीख आणि शीट नंबर यांच्यावर डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स टाकला, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा झालीच नाही पाहिजे. एका ओळीचं काम. पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

आता जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. त्याच आठवड्यात मोठ्या शहरातली एक कंपनी आमच्या अकराच्या अकरा गिऱ्हाईकांकडं फिरली. "एका थ्रेडवर चालणारं खेळणं आहे, गर्दीत असंच होणार," असं त्यांनी सांगितलं. सात जण गेले. चूक आमची होती, ती मी कबूल करतो, पण ती चूक नोडची नव्हती. विचारणं आणि नोंद यांच्यामधली तसली फट त्यांच्या थ्रेडवाल्या सॉफ्टवेअरमध्येही असू शकते, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ऑक्टोबरचे पगार मी बायकोचे दागिने ठेवून केले.

अण्णांनी त्या ४१ लोकांना स्वतःच्या खिशातून दुसऱ्या गाड्या करून दिल्या आणि ते पैसे आमच्याकडून महिन्याच्या हप्त्यानं घेतले. व्याज नाही. कागदही केला नाही.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

नवीन पोरं येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, इथंही सांगतो. असिंक लिहिल्यानं काम हलकं होत नाही, आत कोण राबतंय ते बघा. पासवर्डचं हॅशिंग, म्हणजे पासवर्ड ओळखू येणार नाही असा बदलून ठेवणं, सिंकवालं, म्हणजे पुरं होईपर्यंत लूप अडवणारं, कधीच वापरू नका. असिंकवालं वापरलं तरी लिबयूव्हीच्या पूलमध्ये, म्हणजे राखीव हातांमध्ये, मूळचे थ्रेड चारच असतात, आणि डीएनएस लुकअप, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणं, हेही त्याच चौघांकडं जातं. सकाळी लॉगिनची गर्दी झाली की पेमेंटचा पत्ता शोधायला हात मोकळा नसतो. आणि लूपचा उशीर मोजा. आम्ही वीस ओळींची स्क्रिप्ट केली होती : दर शंभर मिलिसेकंदांनी टायमर, तो किती उशिरा वाजला ते लिहून ठेवायचं. २०१९ मध्ये नोडमध्येच तशी सोय आली, तरी आमची स्क्रिप्ट मी काढलेली नाही. एरवी दोन-तीन मिलिसेकंद दाखवते. पन्नासच्या वर गेली की माझ्या फोनवर मेसेज येतो.

मार्च २०१९ मध्ये शेवटचा हप्ता द्यायला मी स्वतः अण्णांच्या ऑफिसात गेलो. प्रिंटर अजून तिथंच होता. अण्णांनी पैसे मोजले नाहीत, क्लार्ककडं दिले आणि मला विचारलं, "नऊचा चार्ट आता कोण लिहितंय?"

"दुसरा माणूस ठेवलाय, अण्णा."

"मग चहा घे," म्हणाले.