लँड क्रूझर ८० आणि सीटबेल्टवरची तारीख

गाडी इंदूरच्या देवास नाक्याजवळच्या एका गोदामात उभी होती. गिऱ्हाईक लोकमान्यनगरचे एक ठेकेदार. मांडूकडच्या साइटवर जायला आणि थोडी हौस म्हणूनही त्यांना जुनी आयात डिझेल फोर बाय फोर हवी होती. माझं काम गाडी तपासून लेखी अहवाल देणं, एवढंच. विकणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं: टोयोटा लँड क्रूझर ८०, यूएनची गाडी, २००५ चं मॉडेल, ८४ हजार किलोमीटर, ईशान्येकडच्या राज्याची आरसी, एनओसी तयार.

यूएनची गाडी म्हटलं की भाव लाखभराने चढतो. कागद मागितला की तोच यूएन गायब होतो.

बॉनेट उघडून पहिल्यांदा इंजिनच्या हेडवर हात ठेवला. कोमट. म्हणजे आम्ही येण्याआधी गाडी चालू करून झाली होती. डिझेलमध्ये हे मुद्दाम करतात, कारण हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे), कॉम्प्रेशन आणि डिझेल पंप, तिघांचंही दुखणं थंड इंजिनवरच दिसतं. मी सांगितलं की स्टार्ट संध्याकाळी घेऊ, तोवर खालून बघतो.

८० ला पुढे सॉलिड अॅक्सल असतो आणि चाकाच्या आत जो गोल चेंडूसारखा नकल दिसतो, तो बोटाने पुसून बघायचा. ग्रीसचा पातळ, ओलसर थर असेल तर ठीक. इथे काळं पातळ तेल ओघळत होतं. आतलं अॅक्सल सील गेलं की डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये उतरतं आणि ग्रीस पातळ करतं. मग बर्फील्ड जॉइंट, म्हणजे वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा, कोरडा पडतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट-कट आवाज येतो. आवाज अजून नव्हता, म्हणजे वेळेत पकडलं. दोन्ही बाजूंचं नकल किट, ट्रनियन बेअरिंग, व्हील बेअरिंग आणि मॉली ग्रीस हे सगळं एकदमच करावं. हबच्या नटाला ५४ मिलिमीटरचा बॉक्स पाना लागतो. सियागंजात तो मिळतो, पण बरेच मिस्त्री छिन्नी-हातोड्याने नट फिरवतात आणि त्याचे कोपरे खातात. या गाडीचा नट तसाच खाल्लेला होता. म्हणजे हब कोणीतरी उघडला होता आणि सील न बदलता बंद केला होता.

चासी मात्र चांगली. मागच्या स्प्रिंगच्या बैठकीपासून बंपरपर्यंत हातोडीने ठोकत गेलो, सगळीकडे टणक आवाज. समुद्राकाठची गाडी असती तर सडण इथेच सापडली असती.

आता मीटर. या गाडीच्या १एचझेड डिझेल इंजिनचा टायमिंग बेल्ट कॅम आणि डिझेल पंप दोन्ही फिरवतो, १ लाख किलोमीटरला बदलायचा असतो, आणि तेवढं अंतर झालं की डॅशवर टी-बेल्टचा दिवा लागतो. चावी ऑन केल्यावर बाकीचे दिवे लागले, हा नाही. विकणाऱ्याला विचारून मीटर बाहेर काढला. बल्बच काढून टाकलेला. मागे दिवा रिसेट करायचा जो स्क्रू असतो, तो मूळ भोकातून दुसऱ्यात गेलेला. हा स्क्रू एक लाख ओलांडल्याशिवाय हलवायची वेळ येत नाही, आणि काचेतून आकडा ८४ हजार दिसतोय. एवढ्यावरून मी मीटर मागे फिरवलाय असं लिहीत नाही, कारण दुसऱ्या गाडीचा मीटर बसवलेलाही असू शकतो. अहवालात गेलं ते असं: किलोमीटर अविश्वसनीय, बेल्ट आणि टेन्शनर ताबडतोब बदला. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात आणि हेड उतरवावं लागतं.

संध्याकाळी थंड इंजिन पाचेक सेकंद प्लग तापवून मारलं. एकदम लागलं, पण पांढरा धूर आणि मिनिटभर लंगडी चाल. मल्टिमीटर लावल्यावर दोन हीटर प्लग खुले, म्हणजे आतून तुटलेले निघाले. सगळे प्लग काढलेलेच होते, म्हणून त्यांच्या भोकांतून कॉम्प्रेशनही घेतलं. पाच सिलिंडरांचा दाब ३१ ते ३३ किलोच्या आत, चौथा २९. सिलिंडरांमध्ये ५ किलोपेक्षा जास्त फरक नको, तेव्हा इंजिन पास. ऑइलचं झाकण काढल्यावर वाफ नाममात्र, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. पंपाच्या मागे डिझेलचा घाम होता. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे १० पीपीएम गंधकाचं बीएस-६ डिझेल आहे. जुन्या डिझेलवर फुगून बसलेले रबरी सील त्याने आक्रसतात आणि झिरपतात. पंप उतरवून सील किट घालायचं. काम आठवड्याचं, काळजीचं नाही.

ठेकेदार खूश. "काका, इंजिन एवढं चांगलं आहे, मग घेऊन टाकतो. टोकन देतो आजच."

"थांबा जरा. सीटबेल्ट बघायचाय."

ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की खालच्या टोकाला कापडी पट्टी शिवलेली असते, त्यावर बनवल्याचं साल-महिना असतो. टायर, बॅटरी, मीटर, सगळं बदलतात, ही पट्टी कोणी बदलत नाही. तिच्यावर १९९३ होतं. मागच्या दोन्ही बेल्टांवरही १९९३. आरसीवर २००५. वास्तविक पट्टीचीही गरज नव्हती: १९९८ मध्ये तिच्या पुढची १०० सिरीज आली आणि जपानमध्ये ८० बंद झाली. २००५ ची जपानी ८० असू शकत नाही.

मग २००५ का लिहिलं असेल? भारतात वापरलेली मोटार आयात करायची तर ती बनवल्यापासून तीन वर्षांच्या आतली, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची लागते आणि फक्त मुंबई बंदरातूनच येते. १९९३ ची गाडी पुढे कधीतरी आणली असेल तर ती या नियमात बसत नाही. साल २००५ केलं की कागदावर बसते. दूतावासाने शुल्कमाफीत आणलेली असेल, तर विकताना शुल्क भरल्याची पावती लागते. दोन्हीत मुख्य कागद एकच, बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्समधला आयातीचा कागद, आणि त्यावरचा चासी नंबर गाडीच्या चासीच्या उजव्या पट्टीवर कोरलेल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळायला हवा. मी तिथला रंग थिनरने पुसून पाहिला. अक्षरं एका खोलीची नव्हती, आणि आजूबाजूला ग्राइंडरचे बारीक ओरखडे होते.

विकणारा म्हणाला, ऑनलाइन बघा, आरसी अॅक्टिव्ह आहे. होतीच. पण आरटीओच्या जुन्या वह्यांमधल्या नोंदी 'वाहन' या सरकारी ऑनलाइन प्रणालीत बॅकलॉग (मागची राहिलेली नोंद) म्हणून चढवल्या गेल्या, आणि खोट्या कागदावर चढलेली नोंदही तिथे अॅक्टिव्हच दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने 'नुमखोर' मोहिमेत भूतानमार्गे आल्याच्या संशयावरून जुन्या आयात गाड्या उचलल्या, त्यांतही लँड क्रूझर होत्या आणि त्यांनाही नंबरप्लेट होत्याच. जप्ती येते ती गाडी ज्याच्या दारात उभी असेल त्याच्याकडे.

शिवाय खर्च वेगळाच. आयात चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाला १५ वर्षांनंतर एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये लागत होते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला ८०,००० झाले. देशी मोटारीला तिथे १०,०००.

ठेकेदारांनी टोकन खिशातच ठेवलं, पण चेहरा पडला. "इथल्या आरटीओत ओळख आहे हो माझी."

ओळख आरटीओत आहे, प्रश्न कस्टम्सचा आहे, असं सांगितलं आणि अहवालाचं पान दोन भागांत लिहून दिलं: यंत्र घेण्याजोगं, कागद न घेण्याजोगा. बिल ऑफ एन्ट्रीची मूळ प्रत दाखवा म्हटल्यावर विकणाऱ्याने काही दिवसांनी एक झेरॉक्स पाठवली. त्यावर मॉडेल एफझेडजे८० होतं. एफझेड म्हणजे पेट्रोल इंजिन. आमची एचझेडजे, म्हणजे डिझेल. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

आता ठेकेदार २.८ डिझेल पजेरो बघतायत. ती तिरुवल्लूरला जुळवलेली, आयातीचा वादच नाही. तिच्या ४एम४० इंजिनला बेल्टऐवजी टायमिंग चेन आहे, पण एकदा तापलं की हेडला तडा जातो. पुढच्या रविवारी सिमरोलच्या घाटात भरलेली गाडी चढवून बघायची आहे. आधी रेडिएटरची जाळी, फॅनचा व्हिस्कस कपलिंग आणि थर्मोस्टॅट बघेन. तिघांत काही खोट निघाली तर घाट नंतर.