कधीपासून होतंय, आणि किती वेगाने वाढलं?

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना आपण सगळे एमआरआयची ती भलीमोठी पिशवी घेऊन जातो, आणि डॉक्टर ती बाजूला ठेवून आधी विचारतात की हे सुरू कसं झालं, नेमकं कधी, एका झटक्यात की हळूहळू. मला मायग्रेन कॉलेजपासून आहे, त्यामुळे हे प्रश्न पाठ झालेत. माझं तर मत झालंय की मेंदूच्या आणि नसांच्या आजारात निम्मं निदान या उत्तरातच असतं, पण घरच्यांपैकी कोणालाच ते धड सांगता येत नाही.

माझंच सांगते. डोकं दुखायच्या आधी काहीतरी वाचत असताना एखाद्या शब्दातलं मधलं अक्षरच दिसेनासं होतं. मग तिथे एक चमचमणारी नागमोडी रेघ येते, कडा अगदी करवतीसारख्या, ती सरकत सरकत मोठी होते, नजरेच्या टोकाला जाऊन गायब होते आणि मग अर्धं डोकं जे ठणकायला लागतं ते विचारू नका. याला ऑरा म्हणतात, साधारण ५ ते ६० मिनिटं चालतो. यात मुद्दा आहे तो पसरण्याचा. मेंदूच्या पृष्ठभागावरून एक लाट मिनिटाला काही मिलिमीटर अशा गोगलगायीच्या वेगाने जात असते म्हणून रेघही सावकाश सरकते. स्ट्रोकमध्ये असं सरकत बिरकत सहसा काही नसतं, रक्तवाहिनी बंद झाली की त्या भागाचं काम तिथल्या तिथे ठप्प, हात गळतो, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं. (पण ऑरासारखं काही आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल तर माझा ब्लॉग वाचून मायग्रेन ठरवू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.)

स्ट्रोकमध्ये तर वेळ म्हणजेच सगळं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास आपल्या लक्षात आल्यापासून नाही, माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणजे रात्री १० ला झोपला आणि सकाळी ६ ला उठल्यावर हात उचलत नाहीये, तर घड्याळ रात्री १० पासूनच चालू. म्हणून उशीर झाला असं समजून घरी बसायचं असंही नाही, हल्ली स्कॅन बघून काही पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही नळी घालून गुठळी बाहेर काढतात. आधी सीटी करतात कारण गुठळी नसून रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल, आणि त्याच कारणाने घरच्या घरी ॲस्पिरिन द्यायची नाही. आणि दहा मिनिटांत आपोआप बरं वाटलं तर? ते सगळ्यात फसवं. पुढच्या काही दिवसांत मोठा झटका यायचा धोका तेव्हाच जास्त असतो, आणि नेमके तेव्हाच लोक म्हणतात, उद्या बघू.

फिटचं गणित सेकंदांचं. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत थांबते, पण बघणाऱ्याला अर्धा तास गेल्यासारखं वाटतं, म्हणून कोणीतरी एकाने घड्याळ बघायचंच. ५ मिनिटांच्या वर गेली तर इमर्जन्सी. कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बिमचा काही घालू नका, जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतात. बाजूला दुसरं कोणी असेल तर व्हिडिओ काढू द्या, संकोच वाटला तरी, कारण डॉक्टरसमोर फिट क्वचितच येते आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला म्हणजे फिट नव्हती असंही नसतं. साध्या चक्करमध्ये आधी डोळ्यापुढे अंधारी येते, चेहरा पांढराफटक पडतो आणि आडवं केलं की माणूस पटकन भानावर येतो, फिटनंतर मात्र बराच वेळ गोंधळलेला असतो.

काही आजार दिवसांत चढतात. जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेल्यावर पायाला मुंग्या, दोन दिवसांनी जिना चढवत नाही, मग हातही ढिले, हे गिलन-बॅरे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) असू शकतं, श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचायच्या आत ॲडमिट व्हायला हवं.

आणि पार्किन्सन वर्षानुवर्षं दबा धरून असतो. अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात हलत नाही, वास येईनासा होतो, आणि साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मल. हात थरथरला की लगेच पार्किन्सन म्हणू नका हं! कप तोंडाकडे नेताना हात थरथरणं हा बहुतेक वेळा वेगळाच प्रकार, आणि तो जास्त कॉमन आहे. पार्किन्सनचा हात सहसा मांडीवर निवांत ठेवलेला असताना थरथरतो.

विसरण्याचंही तेच. अल्झायमर काही वर्षांत वाढतो. आजोबा परवापर्यंत ठीक होते आणि आज माणसं ओळखत नाहीयेत, तर तो अल्झायमर नाही म्हणूनच चाला, इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, नवीन सुरू केलेली गोळी हे आधी बघावं लागतं. आणि काही आठवड्यांत सुस्ती, विसरभोळेपणा, तोल जाणं वाढत गेलं असेल तर मागे कधी डोक्यावर पडले होते का ते आठवा, कवटीखाली हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं आणि ते ऑपरेशन करून काढता येतं. पडणं किरकोळ होतं, टेंगूळही आलं नव्हतं, तरी साधारण कधी पडले ते डॉक्टरांना सांगा.