खंड्याचा डोळा आणि तीन उभ्या रांगा

तीन उभ्या रांगांपायी माझे नऊ दिवस गेले, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

फांदीवर बसलेला खंड्या, 140 बाय 112 घरांची क्रॉस स्टिचची, म्हणजे एका घरात एक फुली भरायची, नक्षी. 14 काउंटच्या आयडा कापडावर, म्हणजे चौकोनी घरांच्या विणीच्या भरतकामाच्या कापडावर, इंचाला 14 टाके बसतात, म्हणजे काम झालं 10 बाय 8 इंचांचं. चारही बाजूंना 3-3 इंच जास्त सोडून कापड कापलं. चौकट, फांदी, पोट भराभर झालं. संध्याकाळी तासभर घरं मोजत फुल्या भरायला बसलं की दिवसभराची डोक्यातली भणभण विसाव्या टाक्यापर्यंत निवते. मोजणी चालू असताना मनाला दुसरं काही धरताच येत नाही.

नक्षी चार पानांवर छापलेली होती. दुसरं पान घेतलं आणि डोळ्यापाशी आले. डोळा गोल यायला हवा, माझा लांबट येत होता. वाटलं, शेवटी कडेने काळा बॅकस्टिच, म्हणजे सलग रेघेसारखा टाका, घातला की आकार येईल. अशी स्वतःची समजूत काढत चार दिवसांनी चोचीपर्यंत पोचले. चोचीचं टोक आणि चौकट यांच्यात 8 घरं मोकळी हवी होती. माझ्याकडे 5 उरली.

दोन संध्याकाळी नुसत्या मोजण्यात गेल्या. चौकट मोजली, टाचण्या लावून दहा-दहाने पुन्हा मोजली. ती बरोबर होती. मग दोन्ही पानं शेजारी ठेवली तेव्हा दिसलं: दुसऱ्या पानाच्या पहिल्या तीन उभ्या रांगा म्हणजे पहिल्या पानाच्या शेवटच्या तीन रांगाच! पानांचा जोड कळावा म्हणून त्या पुन्हा छापतात आणि त्यांवर करडी छटा देतात. त्या भरायच्या नसतात. माझ्या कागदावर ती छटा इतकी फिकट होती की दिव्याखाली दिसतच नव्हती, आणि सूचनांमध्ये त्याबद्दल एक ओळ नव्हती. ती एक ओळ छापायला काय हरकत होती? नक्षी चालू करण्याआधी सगळी पानं शेजारी मांडा आणि अशा रांगांवर जाड पेनाने काट मारा.

दुसऱ्या पानावरचं सगळं तीन घरं उजवीकडे सरकलेलं, साधारण 1,100 टाके. उसवायला सात दिवस लागले. पहिल्या दिवशी चिडून पुढून कात्री चालवली आणि आयडाचाच एक धागा कापला गेला. तिथे मागून त्याच कापडाचा तुकडा लावून दोन्हींतून टाके घेतले आहेत. खरी रीत अशी: सुईने टाका उचलायचा, मागच्या बाजूने कापायचा, चार-पाच झाले की चिमट्याने ओढून काढायचे. गडद निळ्या धाग्याची लव पांढऱ्या कापडाच्या छिद्रांत अडकते, ती चिकटपट्टी दाबून उचलली की निघते. उसवलेला धागा पुन्हा वापरू नका, तो केसाळ होतो आणि फुली विटकी दिसते. मला निळ्याची त्याच नंबरची आणखी एक 8 मीटरची लडी लागली.

यानंतर मी धुतल्यावर जाणाऱ्या पेनाने कापडावर दर 10 घरांवर रेघ मारून घेते. ती रेघ गार पाण्याने पूर्ण जाईपर्यंत इस्त्री लावायची नाही, उष्णतेने डाग पक्का होऊ शकतो. उठताना कापड ताणून धरणारी रिंग काढून ठेवा, नाहीतर वळ राहतो. लडीत सहा पदर असतात. दोन पदरांनी भरायचं असेल तर एकच लांब पदर दुमडून ओवा आणि पहिला टाका त्याच्या फासातून घ्या, गाठच लागत नाही. आणि फुलीचा वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला जाऊ द्या, हे तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

डोळा दुसऱ्यांदा भरला आणि गोल आला. चोच झाल्यावर पुढची मोकळी घरं मोजली. आठ. सुई खाली ठेवून पुन्हा एकदा मोजली.